द्वादशीची गोळी

वेदनादर्शकाच्या पडद्यावर माधवबुवा आष्टेकरांच्या मेंदूचे चित्र संथपणे फिरत होते. पूर्वी त्या चित्राच्या मधोमध निखाऱ्यासारखा एक लाल ठिपका धगधगत असे. आज तिथे नुसता राखेचा रंग होता.

"बुवा, पाय कसे आहेत?" डॉ. शरयू आवटींनी विचारले.

"कुणाचे?" बुवा म्हणाले आणि स्वतःच खळखळून हसले. "माझे म्हणाल, तर आहेत की नाहीत याचाच पत्ता नाही हो! सगळ्यांचे पाय असेच असतात का? मग लोक कुरकुर कसली करतात?"

मिरजेच्या वेदनाविज्ञान संस्थेतल्या त्या खोलीला कण्हण्याची सवय होती, हसण्याची नव्हती. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुमतीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. बुवांनी मात्र पिशवीतून चिपळ्या काढल्या आणि तिथेच, गुळगुळीत फरशीवर, 'जय जय रामकृष्णहरी'चा गजर करत दोन गिरक्या घेतल्या.

बुवांना ज्वालापाद होता. लाखांत एखाद्याच्या वाट्याला येणारा विकार. तळपायातल्या सूक्ष्म चेतातंतूंची दारे एकदा उघडली की मिटायची विसरतात, आणि गार फरशीवर उभा असलेला माणूसही विस्तवावर उभा असल्यासारखा तडफडतो. कीर्तनकाराला याहून वाईट दुखणे असू शकत नाही. नारदांच्या गादीवर बसून कीर्तन करायची रीत नाही; पूर्वरंगापासून आरतीपर्यंत उभेच राहायचे. बुवा ओल्या पोत्यावर उभे राहत आणि काकू मध्येमध्ये त्यांच्या पायांवर तांब्याने पाणी घालत. श्रोते तिकडे न पाहिल्यासारखे करत. पुढे पुढे तेही जमेना, आणि गावोगावची आमंत्रणे नाकारून बुवा घरात बादलीत पाय घालून बसू लागले.

त्यांना उभे केले ते घराघरात तापावर घेतल्या जाणाऱ्या एका साध्या औषधाने. नेहमीच्या मात्रेत त्याचा ज्वालापादावर काही उपयोग नव्हता. शरयूबाईंनी त्याची मंदस्रावी गोळी बनवली. ती दिवसभर थेंबाथेंबाने झिरपायची आणि थेट मेंदूतल्या वेदनाकेंद्रापर्यंत पोचायची. संस्थेच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पहिली गोळी त्यांनी स्वतः घेतली होती. त्यांची तरुणपणापासूनची अर्धशिशी त्या गोळीने अशी पळाली की नंतर त्यांनी ती बंद केलीच नाही.

"काही तक्रार?" शरयूबाईंचे सहकारी डॉ. भरतेश मगदूम यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"तक्रार? छे! देवाकडेसुद्धा नाही."

सगळे रुग्ण हेच सांगत होते.

बुवा गेले, आणि दारात घोरपडेबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलीवर, रेवतीवर, याच गोळीचा प्रयोग चालू होता. ती आता सायकलवरून कॉलेजला जात होती.

"बाई, पोरीचे पाय बरे झाले, तुमचे उपकार आहेत," घोरपडेबाई चाचरत म्हणाल्या. "पण तिचे वडील गेले हो मागल्या आठवड्यात. घरात प्रेत होतं, आणि ही सगळ्यांसमोर विचारते, आज डबा मिळणार का नाही. मी तिला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, अगं, लोक काय म्हणतील. तर म्हणते, म्हणू देत. माझी रेवती अशी नव्हती. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी चुकून उचलली तरी दिवसभर तोंड लपवणारी पोर ती."

शरयूबाई हसल्या. "मुलगी दुःखात बुडत नाही याचंही तुम्हाला दुःखच का? अहो, काही लोकांना घरात आजार लागतोच, त्याशिवाय करमत नाही."

घोरपडेबाईंनी मान खाली घातली आणि त्या जिना उतरून गेल्या. भरतेशने ते पाहिले. आपण काहीतरी बोलायला हवे होते, हे त्या जिना उतरून गेल्यावर त्याच्या लक्षात आले, आणि त्याचे कान तापले.

*

एकादशीला दुपारी काकू बुवांना रिक्षातून घेऊन आल्या. बुवांचे पाय ओल्या फडक्यात गुंडाळलेले होते. भरतेशने धावत जाऊन बादली आणली.

"गोळी संपली का?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "यांची एकादशी निर्जळी असते. सासऱ्यांपासूनचा नेम आहे. पाण्याचा थेंब नाही, तर औषध कुठलं? दर एकादशीला हे असंच होतं. द्वादशीला पारणं फेडताना गोळी घेतली की पुन्हा उड्या मारायला मोकळे."

"मग एका दिवसाचा तर त्रास आहे," शरयूबाई म्हणाल्या.

"त्रास पायांचा नाही, बाई." बुवांचा आवाज बदललेला होता, पूर्वीचा, जड. ते कुणाच्याच डोळ्यांत पाहत नव्हते. "बाबालाल सोडून गेला."

बाबालाल मुल्ला बुवांचे पेटीवाले. बुवांच्या वडिलांच्या मागेही त्यांनीच पेटी धरली होती. पंचपदी कुठल्या सुरात धरायची हे बुवांनी कधी सांगायचे नाही आणि बाबालालनी कधी विचारायचे नाही, इतकी ती सोबत जुनी. आता त्यांची बोटे थरथरत.

"गेल्या आठवड्यात आष्ट्याला कीर्तन होतं. त्याचा एक सूर चुकला. आणि मी, भरल्या मंडपात, ध्वनिवर्धकावर म्हणालो, आमच्या पेटीचा भाता शाबूत आहे हो, वाजवणाऱ्याचाच फाटलाय. लोक हसले. मीही हसलो. बाबालालनं भाता मिटला, खिट्टी लावली, आणि उठून गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही. पेटीवाचून कीर्तन पुढे रेटलं! रात्री छान झोपलो. दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला, म्हटलं, झालं गेलं सोड, चल ये. तो काही बोललाच नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही."

बुवांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"आज सकाळपासून वाटतंय. सगळं एकदम वाटतंय. पंधरा दिवसांचं साठलेलं. नारदांच्या गादीवर उभा राहून मी असं बोललो, बाई. देवापुढे उभं राहायची लाज वाटते. आज देवघरात गेलो नाही, दारातूनच हात जोडले."

काकू हलकेच म्हणाल्या, "मला काय काय बोललात ते नाही आठवत वाटतं?"

"आठवतं गं. तेच तोंडावर येत नाहीये."

शरयूबाईंनी घड्याळाकडे पाहिले. "उद्या गोळी घ्याल, बरं वाटेल."

"हेच सांगायला आलोय!" बुवांनी मान वर केली. "द्वादशीच्या सकाळी मी शुद्धीवर असतो. पाय जळत असतात आणि लाजही जळत असते. आता गोळी नको, असं मनात असतं. आणि तरी मी घेतो. का घेतो माहितीये? गोळी घेतली की गोळी घेतल्याची लाजसुद्धा जाते. एवढी सोय कुणाला सुटेल? म्हणून म्हणतो, उद्या मी मागायला आलो, तर देऊ नका. माझ्या घरातली बाटलीही काढून घ्या. त्या एका सकाळपुरतं मला धरून ठेवा."

"बुवा, वेदनेत असलेल्या माणसाचा निर्णय आम्ही धरत नाही, तसा नियमच आहे," शरयूबाई मोकळेपणाने म्हणाल्या. "उद्या वेदना नसताना सांगा, मग बंद करू."

"उद्या मी कशाला सांगेन?" बुवा हताशपणे म्हणाले.

आणि तसेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "अहो, कालचं मनावर घेऊ नका हं! उपासानं पित्त चढलं होतं. म्हातारा जरा जास्तच रडला. गोळ्या तेवढ्या पाठवून द्या."

*

भरतेशने त्या दिवशी कुणाशी न बोलता बुवांची आणि रेवतीची सगळी जुनी चित्रे वेदनादर्शकावर पुन्हा लावली. संध्याकाळी त्याने शरयूबाईंना बोलावले.

"हा लाल ठिपका आपण पायाच्या वेदनेचा धरून चाललो," तो म्हणाला. "पण हे गोळीच्या आधीचं चित्र बघा. पाय गार पाण्यात होते, दाह नव्हता. फक्त मी बुवांना विचारलं होतं, तुम्हाला सगळ्यांसमोर पायावर पाणी घालून घ्यावं लागतं, तेव्हा कसं वाटतं? तरी ठिपका पेटलाय. तीच जागा."

शरयूबाई पुढे झुकल्या. "म्हणजे दरवाजा एकच आहे."

"एकच. शरीराला बसलेला चटका आणि मनाला बसलेला चटका एकाच दारानं आत येतात. निसर्गानं काटकसर केली. दोन घंटा कशाला, एकच पुरे. कुठूनही काही जळलं की तीच वाजते. आपण पायांसाठी घंटेत कापूस कोंबला, तर लाजेचा आवाजही बंद झाला."

"सुंदर!" शरयूबाई उद्गारल्या. एखादे गणित सुटल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. "आणि मंदस्रावी असल्यामुळे कापूस दिवसभर तिथंच. साधी गोळी एवढी टिकतच नाही. एकादशीला कापूस निघतो. अगदी बरोबर बसतं."

"आणि म्हणून तक्रार शून्य आहे, मॅडम." भरतेशचा आवाज दबला होता. "ताप आला तर रोगी सांगतो. पुरळ उठलं तर दाखवतो. पण आपल्याला लाज वाटेनाशी झाली, हे कुणाला खुपणार? ज्यानं खुपायचं तेच झोपलंय. गोळी घेणारा हे कधीच सांगणार नाही. सांगणार फक्त भोवतालची माणसं. त्या घोरपडेबाई आल्या होत्या, आणि आपण त्यांना..."

"कळलं, अगदी कळलं," शरयूबाई म्हणाल्या. "मग?"

भरतेश त्यांच्याकडे पाहत राहिला. "मग म्हणजे?"

"औषध-मान्यता समिती विचारते, रुग्णांची तक्रार काय? रुग्णांची तक्रार नाही. यात खोटं काय आहे? अहवाल परवा जाईल तसा जाऊ दे. पुढे गुडघेदुखी, कंबरदुखी, सगळ्याला चालेल ही गोळी. घरोघरी जाईल."

घरोघरी. भरतेशला एक संबंध गाव दिसले, ज्यात कुणाचेच पाय दुखत नाहीत आणि कुणाचीच मान खाली जात नाही.

मग तो चाचरत म्हणाला, "मॅडम, एक विचारू? आमच्या पर्युषणानंतर क्षमावणी असते. दरवर्षी त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणायचात, भरतेश, वर्षभरात काही लागेलसं बोलले असेन तर क्षमा कर. तुम्ही जैन नसूनही. यंदा तुम्ही म्हणाला नाहीत."

"विसरले असेन."

"घोरपडेबाईंना जे बोललात, ते पूर्वी बोलला असतात?"

शरयूबाईंनी क्षणभर विचार केला. राग आला नाही, ओशाळेपणा आला नाही. फक्त कुतूहल चाळवले. "अरे हो! मीही प्रयोगातच आहे की. सोपं आहे. अहवाल जायच्या आधी एक दिवस गोळी सोडून बघते. उद्याच सोडते. कसली भीती!"

"उद्या नको. बुवांच्या पुढच्या एकादशीला सोडा. अहवाल तोवर थांबवा," भरतेश म्हणाला. "आणि संध्याकाळी कीर्तनाला या. ब्राह्मणपुरीतल्या दत्तमंदिरात बुवा उभे राहणार आहेत. बिनागोळीचे."

*

मंदिराच्या सभामंडपात अबीर-बुक्क्याचा वास होता. बुवा ओल्या पोत्यावर उभे होते; पगडी, अंगरखा, गळ्यात हार, आणि घामाने निथळणारा चेहरा. काकू तांब्या घेऊन पाठीशी. तबलजी होता, झांजा होत्या. पेटीची जागा रिकामी होती. पेटी मात्र कुणीतरी आणून ठेवली होती.

शरयूबाई मागे खांबाला टेकून बसल्या. दुपारपासून त्यांच्या डाव्या कानशिलात ठणका सुरू झाला होता. हा तर जुनाच पाहुणा, असे म्हणून त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले.

बुवांनी पूर्वरंगाला अनुताप हा विषय घेतला. "देवाला फुलं कुणीही वाहतो," ते म्हणाले. "खाली गेलेली मान वाहणारा एखादाच. देवाला वास फुलांचा येत असेल, पण हात तो पुढे करतो मान उचलायला." त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. श्रोत्यांना वाटले, पाय सहन होईनात. काकू पाणी घेऊन पुढे झाल्या, पण बुवांनी त्यांना हाताने थांबवले.

कीर्तनकार गादीवर असेपर्यंत आरतीच्या आधी कुणापुढे वाकत नाही. लोकच त्याच्या पायाशी येतात. बुवांनी पगडी उतरवली, हार उतरवला, दोन्ही पोत्याच्या कडेला ठेवले आणि कोरड्या फरशीवरून लंगडत श्रोत्यांतून चालू लागले. शेवटच्या ओळीत, चपलांच्या ढिगाजवळ, बाबालाल मुल्ला बसले होते. वाजवायचे नव्हते, पण ऐकल्यावाचूनही राहवले नव्हते.

बुवा त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

बाबालालनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "बुवा, गोळी घेतलीय?"

बुवांनी मान हलवली. नाही.

"मग ठीक आहे. फोनवर म्हणालात, झालं गेलं सोड, ती माफी गोळीची होती. ती मला नको होती." त्यांनी थरथरत्या हाताने बुवांचा खांदा धरला. "उठा आता. पाय जळतायत तुमचे, दिसतंय मला. आणि जरा पट्टी खाली घेऊन गा, मलाही पूर्वीसारखं झेपत नाही."

मंडपात कुणी हसले, कुणी डोळे पुसले. बाबालाल पेटीपाशी जाऊन बसले आणि खिट्टी काढली. त्या दिवशी उत्तररंग झालाच नाही. नुसता गजर झाला, आणि तो थांबेचना.

आणि खांबाशी बसलेल्या शरयूबाईंच्या आत ती घंटा वाजली.

आधी एक वाक्य आले. 'काही लोकांना घरात आजार लागतोच.' त्यांच्याच आवाजात. त्यामागून घोरपडेबाईंची जिना उतरणारी पाठ आली. नवरा जाऊन आठवडा झालेल्या बाईची पाठ. मग बुवांचे 'मला धरून ठेवा', आणि त्यावर स्वतः सांगितलेला नियम. मग भरतेशला विचारलेले ते 'मग?'. कित्येक महिन्यांची वाक्ये रांग लावून आली. कुठलेच त्या विसरल्या नव्हत्या. फक्त कुठल्याचाच चटका बसला नव्हता. शेजारी बसलेली अनोळखी बाई आपल्याकडेच बघते आहे असे त्यांना वाटले. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि आरती होण्याआधीच, कुणाच्या नजरेस न पडता, त्या बाहेर पडल्या.

*

द्वादशीच्या सकाळी कानशिलावर घाव बसत होते. डाव्या डोळ्याने नीट दिसत नव्हते. शरयूबाईंनी बाटली उघडली. गोळी तळहातावर घेतली. पाण्याचा पेला जवळच होता.

गोळी घेतली की गोळी घेतल्याची लाजसुद्धा जाते.

त्यांनी गोळी बाटलीत टाकली, बाटली पर्समध्ये टाकली आणि रिक्षा करून तडक बुवांचे घर गाठले. बुवा बादलीत पाय घालून पारण्याच्या पानावर बसले होते. पानाशेजारी त्यांची बाटली होती. झाकण उघडे होते.

"बुवा, घेतलीत?"

"अजून नाही," बुवा खाली बघत म्हणाले. "पण हात दोनदा जाऊन आला."

शरयूबाईंनी आपली बाटली काकूंच्या हातात दिली. मग बुवांची उचलून तीही दिली. "काकू, ह्या तुमच्याकडे. मी मागितल्या तरी देऊ नका. भांडले तरी देऊ नका. उद्या-परवाचं माझं ऐकू नका, आजचं ऐका."

काकूंनी दोन्ही बाटल्या कडोसरीला खोचल्या. "भांडायला या की. मला सवय आहे." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "डोकं फार दुखतंय का हो?"

"डोकंही दुखतंय," शरयूबाई म्हणाल्या.

तिथूनच त्यांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. सगळे सांगितले. एकच दरवाजा, एकच घंटा, शून्य तक्रारींचा खरा अर्थ, घोरपडेबाईंशी केलेली वागणूक. पायांसाठी कमी मात्रेचा मार्ग शोधू, पण ही गोळी अशी जाऊ देऊ नका, असे त्यांनी विनवले.

पलीकडे अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. "कळलं, डॉक्टर. अगदी कळलं," ते प्रसन्नपणे म्हणाले. "मग?"

शरयूबाईंनी विचारले, "सर... तुमचे गुडघे कसे आहेत?"

"अहो, झकास! तुम्हीच नाही का नमुन्याच्या गोळ्या पाठवल्यात! समितीत सगळ्यांनाच वाटल्या मी. एकाचीही तक्रार नाही."

फोन बंद झाला तरी तो त्यांच्या कानालाच होता. बादलीतले पाणी हलले.

"ते एकादशी करत नसतील," बुवा म्हणाले.

"नाही."

"पण त्यांच्या घरी कुणी असेल. बायको, सून, कुणीतरी गोळी न घेणारं. यांच्या बोलण्यानं रोज मान खाली घालणारं. त्यांना जाऊन विचारावं लागेल, बाई. दारोदार जावं लागेल. मी येईन. हळू चालेन, पण येईन."

"त्याआधी मला एका दारात एकटीनं जायचंय," शरयूबाई म्हणाल्या.

घोरपड्यांचे घर किल्ल्याच्या मागच्या गल्लीत होते. वाटभर त्यांनी मनाशी वाक्ये जुळवली. सगळी चांगली, सभ्य वाक्ये होती. दार उघडले, समोर घोरपडेबाई दिसल्या, आणि त्यातले एकही उरले नाही. चेहरा तापला. डोळे उंबऱ्यावर खिळले. कितीही केले तरी मान वर होईना.

आतून रेवती ओरडली, "आई, कोण मेलं आलंय आता सकाळी सकाळी?"

घोरपडेबाई दारातल्या बाईच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहत होत्या. अशी मान त्यांनी आपल्या घरात बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. गोळी घेतलेल्या माणसाची ती तशी जात नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

त्यांनी दार पूर्ण उघडले आणि बाईंचा हात धरला.

"या," त्या म्हणाल्या. "आत या, बाई."